गळ्यातली लाली

४ फेब्रुवारी

खांदा पुन्हा धरला. डॉक्टर म्हणाला, "वजन कमी करा." मी म्हटलं, "माझं की तिचं?" त्याला विनोद कळला नाही. लाली त्याने उचलून पाहिलेली नाही! भरीव लाकडाची लाल बेस गिटार— गळ्यात वासरू बांधल्यासारखी.

नवा दौरा ठरला. मेहुण्याने जिन्यातूनच ओरडून सांगितलं. तो वरच्या मजल्यावर राहतो, बँडमध्ये गातो, आणि बँड त्याच्याच शब्दावर चालतो. "भाऊजी, लालीच हं! पोस्टरवर लाली आहे."

पोस्टर पाहिलं. लाली आहे. माझं डोकं कापलंय.

९ फेब्रुवारी

आज विषय काढलाच. म्हटलं, या खेपेला दोन गाण्यांना लालीऐवजी माझी बिनपडद्याची गिटार वाजवतो. मेहुणा हसला. "भाऊजी, लोक काय ऐकायला येतात? जे आधीच ऐकलंय ते!"

खोटं नाही बोलला. तिथेच तर गोम आहे.

ढोल्या काठ्या पुसत बसलेला. माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा मित्र, ड्रम वाजवतो. मी म्हटलं, "तू बोल की रे काहीतरी!" तर म्हणतो, "मी काय बोलू? माझ्या कानात हल्ली टिकटिक असते. तिच्या मागे जायचं आणि घरी यायचं."

खरंय. गेल्या दौऱ्यापासून हेडफोन लावतो, त्यात एक पेटी लय मोजून देते. ठेका डगमगत नाही आता. पूर्वी तिसऱ्या गाण्यापर्यंत हा उधळायचा, मग मी शेपटीला धरून मागे ओढायचो. तेवढंच माझं काम होतं, तेही गेलं.

घरी आलो तर हिचं सुरू— "दादाशी वाद घालू नका हो. वर आई आहे, तिला सगळं ऐकू जातं." आपलेच दात, आपलेच ओठ.

१५ फेब्रुवारी

मागची खोली आवरली. ही म्हणाली होती, एक तरी विका. सगळ्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या आणि विकणं राहिलं बाजूला, बघतच बसलो.

पहिली— कपाटाच्या दाराची! फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारायचो तेव्हा एका गिऱ्हाइकाने परत केलेलं दार कापून केलेली. बिजागरीची भोकं अजून दिसतात. एका उन्हाळ्यात मान धनुष्यासारखी वाकली. पण बोटांना पहिले घट्टे तिनेच दिले.

दुसरी तपकिरी, आखूड मानेची, हॉटेलात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याची. पाळलेल्या कुत्र्यासारखी गुणी. रेकॉर्डिंगच्या दिवशी नेमकी तिची वायर जिथे लागते तिथेच मोडली! स्टुडिओच्या कोपऱ्यात कोणाची तरी लाल गिटार पडून होती. तारा मेलेल्या— ना चमक, ना झणकार. छेडली की ठप्प. पोटात बसणारा, शेपूट नसलेला आवाज. तीच वाजवली. ते गाणं घराघरांत गेलं. मग लाली विकत घेतली, आणि मेहुण्याने फर्मान काढलं— तारा बदलायच्या नाहीत. कधीच नाही.

म्हणजे जिने नाव दिलं, तिला मी निवडलंच नव्हतं.

नंतरच्या सगळ्या मात्र निवडून आणलेल्या. काळी, पाच तारांची— एक तार जास्त, अक्कल तेवढीच. मग पांढरी, बिनमुंडक्याची, अगदी हलकी. तिला एकदाच स्टेजवर नेलं. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "लाली कुठाय?" संपला तिचा संसार.

आणि शेवटची, बिनपडद्याची. मानेवरच्या त्या धातूच्या आडव्या पट्ट्याच नाहीत. पडदा असला की बोट कुठेही ठेवा, सूर ठरलेल्या जागीच पडणार. हिच्यावर बोट केसभर सरकलं की सूर सरकला. चुकलं तर चूकही आपली! तिला या खोलीबाहेरचं जग ठाऊक नाही.

एकेका वयातला मी इथे उभा आहे. सगळ्यांना घरात बसवून एकटी लाली मिरवते.

काही विकलं नाही.

२२ फेब्रुवारी

अनर्थ!

सकाळी लाली पेटीतून काढली तर तारा चांदीसारख्या लखलखताहेत. ही पदर खोचून उभी, कौतुकाची वाट बघत. "दुकानातून बसवून आणल्या. किती गंजल्या होत्या! बोट कापलं असतं तर धनुर्वात झाला असता."

"जुन्या कुठायत?"

"कचऱ्याच्या गाडीत गेल्या."

इतक्या वर्षांत मी हिला एकदाही सांगितलं नव्हतं की तो गंज हाच आमचा आवाज. आज सांगितलं. ती रडायला लागली. संध्याकाळी कार्यक्रम. तसाच गेलो. माझ्यामागच्या लहान स्पीकरमधून आवाज काय यावा— फरशीवर वाटी पडल्यासारखा!

म्हटलं, आज मेहुणा सोलणार.

मेहुण्याने येऊन मिठी मारली. "लाली आज अगदी पहिल्या दिवसासारखी बोलली, भाऊजी."

२३ फेब्रुवारी

मेहुण्याचं समजू शकतो. त्याच्या कानात फक्त तोच असतो. पण एकालाही कळू नये?

१ मार्च

कळलं.

दुपारी रिकाम्या हॉलमध्ये आवाजाची तपासणी चालू होती. मेहुणा नेहमी बजावतो, "भाऊजी, जागा सोडू नका, दिवे तुमच्यावर बांधलेत." आज तो चहाला गेला. मी पट्ट्याला वायरशिवाय आवाज पोचवणारी बिनतारी डबी अडकवली आणि वाजवत वाजवत पायऱ्या उतरून खुर्च्यांमध्ये गेलो.

मोठ्या स्पीकरमधून ठप्प. ठप्प. शेपूट नसलेला आवाज!

माझ्या हातात नव्या तारा. समोरून मेलेल्या तारा ऐकू येताहेत. मी वाजवायचा थांबलो. आवाज थांबला नाही.

साउंडवाल्याकडे गेलो. "माझा आवाज कुठाय?"

तो बटणांकडे बघत म्हणाला, "तुमचाच आहे."

"कधीचा?"

"रेकॉर्डचा."

मग अगदी हळू— "तुमचा आताचा इथपर्यंत येतो. मी हेडफोनवर ऐकतो." आणि मला माझ्या आवाजाचं बटण दाखवलं. तळाला ओढलेलं.

३ मार्च

मेहुण्याला जिन्यातच गाठलं. लाजला वगैरे नाही. "गेल्या वर्षी तुम्ही मध्येच वेगळं वाजवायला लागलात. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी काय करायचं? आणि मशीनमध्ये बोटं तुमचीच आहेत ना? परक्याला आणलंय का मी?"

माझी फिर्याद माझ्याच विरुद्ध. वरून सासूबाईंची हाक आली, "काय झालं रे?" आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "काही नाही!"

ढोल्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्या टिकटिकीच्याच पेटीत माझं रेकॉर्डिंग भरलंय. म्हणाला, "सांगितलं असतं तर सोडून गेला असतास. मग मी वाजवताना बघायचं कोणाकडे?"



हिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे तारा बदलल्याचं कोणाला कळलंच नाही? बरं झालं बाई—" मग माझा चेहरा बघून चहा टाकायला उठली.

७ मार्च

कार्यक्रम झाला. लाली गळ्यात घालून उभा राहिलो. दुकानाबाहेर शर्ट घालून उभा असतो ना पुतळा, तसा. मशीनने टाळ्या घेतल्या.

सोडावं तर हिचं माहेर डोक्यावर नांदतंय. न सोडावं तर हे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१० मार्च

सकाळी दाढी करताना डोक्यात आलं— मला कोणी ऐकतच नाही, तर लालीवर काय आहे ते बघणार कोण?

पॉलिशवाल्याचा हात अजून आहे मला. सोल्डरिंगच्या टोकाने एकेक पडदा तापवला, पकडीने हलकेच उपटला. घाई केली तर लाकडाचे टवके उडतात. हिने मान धरून ठेवली होती. "दुखत असेल का हो तिला?"

"सवतीची एवढी काळजी?"

"जरा सावकाश काढा," एवढंच म्हणाली.

रिकाम्या खाचांमध्ये फिकट लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवल्या. घासून मानेशी सपाट केल्या. चार हातांवरून बघितलं तर पडदे जागच्या जागी! आयुष्यात इतकं छान फसवं काम केलं नव्हतं.

१४ मार्च

आज स्टेजवर वाटेल ते वाजवलं. सूर घसरवले, रडवले, उशिरा पोचलो, मधल्या जागा रिकाम्या सोडल्या. दोनदा साफ चुकलो आणि हसलो. ढोल्या डोळे मोठे करून बघत होता. त्याच्या बाजूला माझा स्पीकर आहे ना! दार बंदच आहे हो, पण कोठडीला अंगण मिळालं.

मेहुणा उतरताना म्हणाला, "तिसऱ्या गाण्याला पब्लिक कसं गप्प झालं, बघितलंत? मशीनचा फायदा!"

मी वायर गुंडाळली.

२१ मार्च

पुन्हा तेच. आज तिसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत होत्या. मेहुणा खूश. "हे मशीन आधीच आणायला हवं होतं!"

माझा मलाच हेवा वाटतो. त्या तरुणाने उसनी गिटार घेऊन एकदा वाजवलं, अजून दाद घेतोय. मी इथे जीव ओततोय, तो माझ्या अंगणाबाहेर जात नाही.

ठरवलं. उद्याचा शेवटचा कार्यक्रम झाला की बँड सोडायचा. हिला सांगितलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, "आईला मी सांगेन. दादाला तुम्ही सांगा."

२२ मार्च, दुपार

हॉलवर लवकर आलो. साउंडवाला एकटाच होता. इकडेतिकडे बघून म्हणाला, "पडदे काढलेत ना तुम्ही? पहिल्याच दिवशी हेडफोनवर कळलं."

मी म्हटलं, "कोणाला बोलू नकोस."

"तुम्हीही बोलू नका. त्या दिवसापासून मशीनमधले तुम्ही बंद आहात."

त्याने माझ्या आवाजाचं तेच बटण दाखवलं. वर होतं.

संध्याकाळी कार्यक्रम. आता लाली घेऊन सरावाला बसतोय— किती वर्षांनी!