जळगाव ते चिकलठाणा

हैदराबाद,
२ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस,
तृप्तीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू जात नाही, मग मी ओरडते आणि शेजारचे दार वाजवतात. म्हणून पत्रच बरं.

जपानच्या दवाखान्यातली नोकरी पक्की झाली. दोन वर्षं येता येणार नाही. जपानचं विमान दिल्लीहून सुटतं. इथून दिल्लीला सरळ विमान आहे, पण मी मुद्दाम वाकडी वाट धरली आहे. बावीस तारखेला दुपारी जळगावच्या विमानतळावर उतरेन आणि संध्याकाळी संभाजीनगरला चिकलठाण्याहून दिल्लीचं विमान धरेन. मधला रस्ता एकशे साठेक किलोमीटरचा, चार तासांचा. त्यातच पिंपळगावला वळून तुमच्या पाया पडून जाईन. मात्र हे कुणाला सांगू नका, नाहीतर चहापाण्यातच विमान जाईल.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त कमी करू नका.
आपली,
तृप्ती


पिंपळगाव रेणुकाई,
९ नोव्हेंबर

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

मला ऐकू यावं म्हणून शेजारच्या भागवतने तुझं पत्र पारावर बसून मोठ्यांदा वाचलं. त्यामुळे कुणाला सांगायचं राह्यलं न्हाई.

आता पंचाईत ऐक. अजिंठ्याला आपल्या नात्यातली उषाबाई, सिल्लोडला तुझी दैवशाला आत्या, फुलंब्रीला आत्याची नणंद. दारावरून गाडी गेली आणि चहा घेतला नाही तर पुढच्या लग्नापर्यंत अबोला, हे तुला माहीत आहे. त्यात भागवत म्हणतो, घाटात गाड्या अडकतात, वर पिंपळगावचा फेरा पडला तर विमान बिलकुल गाठता येणार नाही.

मी एक्याऐंशीचा आहे. दोन वर्षं मला थोडी वाटत नाहीत. भेट झालीच पाहिजे. तेव्हा तू पिंपळगावला येऊच नको. मीच भागवतच्या जीपमधून जळगावला येतो आणि चिकलठाण्यापर्यंत तुझ्याशेजारी बसतो. चार तास बराबर माझे. पुष्कळ सांगायचं आहे. बायांना चहा घेऊन सडकेवर उभं राहायला कळवलं आहे.

आशीर्वाद पाठीशी आहेतच, स्वेटर विसरू नको.
तुझा आजा,
रखमाजी


दिल्ली,
२३ नोव्हेंबर

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

पुष्कळ सांगायचं होतं ना? जळगाव सुटलं, तुम्ही माझा हात हातात घेतला आणि पहूर गाव यायच्या आत डोळे मिटले ते चिकलठाण्यापर्यंत! उषाबाई किटली घेऊन सडकेवर उभ्या होत्या, मी ओठांवर बोट ठेवलं. आत्यालाही तसंच केलं. फुलंब्रीची नणंद तर गाडीमागे कप घेऊन धावली. आता सगळ्या रुसल्या असतील, तुम्हीच निस्तरा.

मी भागवतकाकांना गाडी हळू घ्यायला सांगत राहिले. विमान चुकेल म्हणून ते चिडले. मला पहिल्यांदाच वाटलं, ही दोन विमानतळं आणखी लांब असायला हवी होती. झोपलेल्या माणसाची पकड इतकी घट्ट असते, हे मात्र माहीत नव्हतं.

तब्येतीला जपा, माझी आठवण मोठ्यांदा काढा.
तृप्ती


पिंपळगाव रेणुकाई,
५ डिसेंबर

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

बाया अजून रुसलेल्या आहेत. उषाबाईने वाया गेलेल्या चहाची पावडर भरून मागितली, ती पाठवून दिली.

बाकी, मी झोपलो नव्हतो. डोळे उघडले असते तर जाऊ नको म्हणालो असतो, आणि तू राहिली असतीस.

जिथे आहेस तिथे सुखी राहा, एवढंच मागणं.
तुझा आजा,
रखमाजी