सेवंताबाईंच्या मोहावरचा पावशा

१४ मे
आजही दिसला नाही. पहाटेपासून बोडीच्या, आमच्या छोट्या तळ्याच्या, पाळीवरच्या मोहावर ओरडतोय, "पेरते व्हा, पेरते व्हा", आणि मी झाडाखाली, मान वर करून. मान धरली. बावीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, आणि कोकिळेच्या जातीतला एक पक्षी सापडू नये?

१६ मे
दिसला! राखाडी पाठ, पोटावर तपकिरी पट्टे, शेपटी पट्ट्यांची. पण चोच उघडली नाही. एकदा ओरडला असता तर काय बिघडलं असतं? तिरोड्याहून आणलेल्या पुस्तकात शिकारी शिकराही जवळपास असाच. मी काढलेल्या फोटोत नुसती फांदी.

१९ मे
शेजारच्या सेवंताबाई गोफण घेऊन मोहाखाली. "शिकरा व्हय गुरुजी. माह्या कोंबडीचा पिलू नेला." म्हटलं, बाई, पावशा आहे तो. अळ्या खातो, सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो, पिलांच्या वाटेला जात नाही. "तुमी पायला का त्याले ओरडतानी?" पाहिला म्हणालो. खोटं. का बोललो, देव जाणे. त्यांनी गोफण आत ठेवली.

२३ मे
भरदुपारी, सेवंताबाईंच्या डोळ्यांदेखत आणखी दोन पिलं गेली. कुंपणावरून म्हणाल्या, "तुमचा पावशा कोंबड्या खाऊन राहिला ना!" तेवढ्यात मोहावरून "पेरते व्हा". म्हणजे दोघे आहेत. एक चोर, एक गवई, कपडे सारखेच. हे आधी सुचू नये! समजवायला गेलो, तर दार लावून घेतलं. चीड आली, स्वतःचीच.

२४ मे
मोहाखाली तीन तास. आवाज आहे, पक्षी नाही. सातभाई कलकलाट करत होते, पण ते दोघांवरही तसेच तुटून पडतात. काही उपयोग नाही.

२७ मे
सेवंताबाईंचा नेम लागला. पडलेला पक्षी मांजरानं पळवला. उरलेली शेपटीची तीन पिसं त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवली. "सांगा आता, कोनाचे व्हय? पावशा असन तं माह्या हातून पाप झाला." उलटसुलट करून पाहिली, पुस्तक काढलं. सांगता येईना. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "शिकऱ्याची," म्हणालो. त्यांना हायसं वाटलं. मला नाही.

२९ मे
दोन दिवस मोहावर काही नाही. आज आभाळ भरलंय, अशा दिवशी तो तासन्‌तास ओरडायचा. सकाळी बोडीपलीकडून, खूप लांबून, एकदाच ऐकू आला. सेवंताबाई अंगण झाडायच्या थांबल्या. "आपलाच व्हय ना गुरुजी?"
या वेळी खोटं जमलं नाही. माहीत नाही म्हणालो. त्या झाडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.