पंचमीचं दूध

मुक्काम हैद्राबाद, श्रावण वद्य द्वितीया

मुक्काम पाली येथे चि. सौ. सत्यभामा हिला थोरल्या भावाचा अनेक आशीर्वाद.

सत्यभामे, अक्षर परकं दिसलं म्हणून भिऊ नको. मी सांगतोय, शेजारचे मास्तर लिहितायत.

जनावरखान्यातली नोकरी ठीक हाय. औंदा लई नवी जनावरं आलीत. घोड्यासारखं एक हाय, अंगभर काळे-पांढरे पट्टे. माणसाहून उंच एक पक्षी हाय, पण त्याला उडता येत न्हाई. पोरांना सांग, मामा वाघाला नावानं हाक मारतो.

पंचमीला तुला माहेरी न्यायला औंदाही येणं झालं न्हाई. त्या दिवशी आपल्या मुलखाच्या बायका दूध-लाह्या घेऊन नागाच्या पिंजऱ्यापाशी आल्या. पिंजरा उघडायची मनाई हाय. पण एक जण म्हणाली, "दादा, माझा भाऊ लई लांब हाय. एवढी वाटी आत ठेवा." मला तुझाच आवाज वाटला. मी दार उघडून वाटी ठेवली, अन् नाग डसला.

रडू नको. उजव्या हाताचं एक बोट गेलं, मी राह्यलो. नागाला मी कुणाला मारू दिलं न्हाई.

दाजींचा खोकला कसा हाय? गाय व्याली का?

तुझ्या सासूबाई दरसाल म्हणतात, न्यायला न येणाऱ्या भावासाठी कशाला उपाशी राहतीस? तरी पंचमीच्या आदल्या दिवशी, चौथीला, तू भावाचा उपास धरलाच असशील.

हे पत्र त्यांच्यापुढंच वाचून घे.

तुझा भाऊ,
धर्मराज