ह्यांचा एकच शब्द

३ फेब्रुवारी

आज बोलले! झटका आल्यापासून पहिल्यांदाच. मी ओठ ओले करत होते आणि हे म्हणाले, "अमेझिंग." नर्सबाईंना हसू आलं. मला रडू कोसळलं. अंबाबाई पावली म्हणायची.

४ फेब्रुवारी

दुसरा शब्दच निघत नाही. पाणी हवं — अमेझिंग. नातीला हाक — अमेझिंग. डॉक्टर म्हणतात, मेंदूला मार बसला की कधीकधी एखादाच शब्द उरतो, मग माणूस सगळं त्यातूनच बोलतो. ह्यांना कळतं सगळं, बाहेर पडतं तेवढंच.

आणि शब्द तरी कुठला उरावा! जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि पोरांच्या निबंधातला हाच शब्द लाल शाईनं खोडत आले. रंकाळ्यावरची भेळ अमेझिंग, मग हिमालयाला काय म्हणणार? असं घरी येऊन माझ्यावर ओरडायचे, जसा काही निबंध मीच लिहिला होता. आता घ्या!

७ फेब्रुवारी

सोनमला विचारलं — नात, कॉलेजात जाते — ह्या शब्दाचा अर्थ तरी काय? म्हणाली, थक्क करणारं. पण थक्क कुणीच होत नाही म्हणे. चहा दिला तरी अमेझिंग, उद्या येतो म्हटलं तरी अमेझिंग. "आणि आज्जी, एसटी चुकली तरी तेच म्हणत्यात, तोंड वाकडं करून. सगळं सुरावर हाय बघ."

सुरावर! माझे कान भजनाचे, इंग्रजीचे सूर मी कुठून ओळखू? तरी बसले ऐकत. आखूड म्हटलं की पाणी. लांबवलं की कूस बदलायची. लागोपाठ दोनदा म्हणजे गप्प बस — हे मात्र लगेच कळलं, संसार केलाय.

१२ फेब्रुवारी

गिळता येत नाही. पेजेचा असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालावी लागेल, नाहीतर अवघड आहे. घरच्यांनी ठरवा.

अमरसिंहला बंगळूरला फोन केला. पोटचा पोरगा, पण म्हणाला, "आई, तू त्यांनाच विचार की." विचारलं. माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, "अमेझिंग."

मी हो समजले. सही केली.

१३ फेब्रुवारी

डाव्या हातानं नळी उपसून काढली. चांगला हात तेवढाच. परत घातली.

१४ फेब्रुवारी

आता तो हात कॉटला बांधलाय. बघवत नाही.

सारखा तोच शब्द चाललाय. सोनम म्हणाली होती तोंड वाकडं करून. अगं, पण ह्यांचं तोंड झटक्यानंच वाकडं झालंय! मग परवाचा होकार होता की एसटी चुकल्याचा, मी कशावरून ओळखायचं? कुणाला विचारायचं? मी काय करून बसले?

१६ फेब्रुवारी

आई अंबाबाई, एक शब्द दे. मराठीतला. हो दे नाहीतर नको दे, पण दे.

१९ फेब्रुवारी

हाताची पट्टी सैल करत होते तेव्हा बोलले. स्पष्ट, मराठीत. "पुरे."

अजून कुणाला सांगितलेलं नाही.