पूर्णविराम आला की मान वर

ता. ९ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि शाळेच्या जिन्यात उभं राहून मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. घरी सगळे ठीक. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना आई कुरकुरते. बाबा निवृत्त झाल्यापासून घरातली घड्याळं दुरुस्त करत बसतात, त्यामुळे आता कुठल्याच खोलीतली वेळ दुसऱ्या खोलीशी जुळत नाही.

खरं कारण पुढे आहे. यंदा शाळेला वरून पैसे कमी आले. संगीताच्या बाईंना आणि वाचनालय बघणाऱ्या काकांना सुट्टीतच कळवलं की आता येऊ नका. वाचनालयाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापिकाबाईंच्या पर्समध्ये. सफाईला एकच मावशी उरल्या आहेत, म्हणून आपापले वर्ग आम्हीच झाडतो. हे मी निभावलं असतं. झाडताना मला उलट बरं वाटतं, निदान काम झालेलं दिसतं तरी.

पण त्याबरोबर एक चाचणी आली आहे. बाहेरून परीक्षक येणार. एकेका मुलासमोर न पाहिलेला उतारा ठेवणार आणि एका मिनिटात ते किती शब्द बरोबर वाचतं ते स्टॉपवॉच लावून मोजणार. ज्या तुकडीची सरासरी ठरलेल्या रेषेखाली जाईल ती तुकडी बंद, आणि मुलं दुसऱ्या तुकडीत. तिसरीच्या दोनच तुकड्या आहेत. अ तुकडी जुन्या बाईंची, ब माझी. मी अजून कायम झालेली नाही. म्हणजे तुकडी गेली की मीही गेले, आणि त्या एका खोलीत बाकाला चार-चार मुलं बसणार.

मी घड्याळ लावून सराव घेतला. माझी मुलं चांगली वाचतात गं, अडखळत नाहीत. पण पूर्णविराम आला की थांबतात, मान वर करून माझ्याकडे बघतात, आणि मी मान हलवली की मगच पुढे जातात. मी त्यांना तसंच शिकवलं, कारण तू मला तसंच शिकवलंस. काटा मात्र त्यांच्यासाठी थांबत नाही. अ तुकडी सुसाट सुटते आणि आम्ही दर वाक्याला माना वर करून बसतो.

पालकसभेत तर मी छाती पुढे काढून सांगितलं होतं की वाचणं म्हणजे समोरच्याला काहीतरी देणं, ते पोचलं का हे बघायलाच हवं. आता तूच सांग. शिकवलेलं काढून घेऊ का? तुझी पद्धत मोडायला माझा हात धजत नाही.

लोभ ठेवशीलच, पण या वेळी उत्तरही लवकर ठेव.

तुझी,
शंका


ता. १७ ऑगस्ट

चि. शंकाबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीने आणि दुसऱ्यांदा हसत. माझी पद्धत म्हणे! अगं वेडाबाई, मी काय शिक्षणशास्त्र शिकले होते? तुझ्या बापाच्या बदल्या चालू होत्या, कुठल्याच शाळेत तुझा पाय टिकेना, म्हणून तुला माझ्याकडे ठेवलं. मी पुढच्या खोलीत मशीनवर शाळेचे गणवेश शिवत असायचे. तू शेजारी स्टुलावर बसून पुस्तक वाचायचीस. मशीनच्या खडखडाटात मला अक्षर ऐकू यायचं नाही. म्हणून तुला सांगितलं की पूर्णविराम आला की थांब, माझ्याकडे बघ, मी मान हलवली की पुढे जा. तेवढ्यात मी शिवण उलटवून घ्यायचे. यात देणं नाही न् घेणं नाही. मशीन होतं, दुसरं काही नाही!

आणि तू हे अख्ख्या वर्गाला शिकवलंस, वर पालकसभेत भाषण ठोकलंस. माझ्या मशीनला गुरुदक्षिणा पाठवून दे.

तेव्हा काही मनाला लावून घेऊ नकोस. सोडून दे ते मान वर करणं. पळायचं म्हणतात तर पळव पोरांना. तुकडी राहिली तर पुढे काय ते शिकवता येईल. तुझ्या आईला सांग, जिना उतरताना तोंड बंद ठेवलं की गुडघाही गप्प बसतो. माझा अनुभव आहे.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी आत्या


ता. ६ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लहानपणापासून ज्याला मी देवाणघेवाण समजत होते ती शिवण उलटवायची सोय निघाली. आईला सांगितलं तर ती इतकी हसली की गुडघा विसरली.

मग तू म्हणालीस तसंच केलं. पण तोंडी सांगून मुलं ऐकेनात. थांबू नका म्हटलं की हो म्हणायची आणि पूर्णविरामाला मान वर. मी खिडकीबाहेर बघत राहिले तर मी वळेपर्यंत वाट बघायची. शेवटी मी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. मूल भिंतीला वाचून दाखवतं, मी मागे घड्याळ घेऊन उभी. बघायला कोणी नाही म्हटल्यावर हळूहळू थांबणं सुटलं. आता माझीही मुलं पळतात. सरासरी रेषेला लागत आली आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी दारातून बघितलं आणि छान म्हणाल्या. आजवर त्या मला कधी छान म्हणाल्या नव्हत्या.

काल एक मुलगी उतारा संपवून वळली. एरवी ती डब्याचं झाकणसुद्धा विचारून उघडते. मी तिला विचारलं की गोष्टीतला म्हातारा होडी घेऊन कुठे गेला. तिला सांगता येईना. ती घाबरून म्हणाली की तुम्ही विचारणार आहात हे आधी सांगितलं नव्हतं. मग मी बाकीच्यांना विचारलं. कोणालाच म्हातारा आठवेना. एकाने होडी होती हे ओळखलं, तेही चित्र होतं म्हणून.

मी बरोबर करते आहे ना? हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण मधलं काही लिहू नकोस.

तुझी,
शंका


ता. १४ सप्टेंबर

चि. शंकेस,
अनेक आशीर्वाद.

हो किंवा नाहीच हवं असेल तर हो.

पण भिंतीचं वाचून जिवाला बरं वाटलं नाही. भिंतीला कान असतात म्हणतात, पण मान नसते गं. चाचणी झाली की खुर्ची आधी फिरव.

आणि त्या म्हाताऱ्याचं फार घेऊन बसू नकोस. आधी तुकडी वाचव. एका बाकावर चार पोरं बसली तर पेन्सिलच्या टोकाने डोळे जातील, मग वाचणार कशाने? तुझा स्वभाव मला माहीत आहे. तुला कोणी फूल दिलं तर तू आधी कोणाच्या बागेतलं ते विचारतेस. महिनाभर तो स्वभाव कपाटात ठेव.

जेवतेस का नीट? मधलं न लिहिता कळव.

तुझी आत्या


ता. ३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चाचणी झाली. आम्ही रेषेच्या वर आहोत. थोडेसेच, पण वर. हे वाचून तू टाळी वाजवशील, तर थांब, पुढचं वाच.

चाचणीसाठी वाचनालय उघडलं होतं. वर्गशिक्षिकेने मागे बसायचं आणि बोलायचं नाही असा नियम. परीक्षक आत आल्या तर त्या आमच्या संगीताच्याच बाई! इथून काढल्यावर त्यांना हे काम मिळालं, शाळाशाळांतून घड्याळ घेऊन फिरतात. मुलांना जो आनंद झाला तो काय सांगू. पहिली मुलगी बसली, पहिलं वाक्य वाचलं आणि पूर्णविरामाला मान वर. एवढ्या दिवसांची भिंत एका चेहऱ्यापुढे टिकली नाही. बाईंनी हसून मान हलवली आणि ती पुढे वाचू लागली. दुसरा आला, त्याचंही तेच. जवळजवळ सगळ्यांचं तेच.

मी मागून बाईंचा अंगठा बघत होते. मान वर झाली की अंगठा घड्याळावर दाबला जायचा आणि मूल पुन्हा वाचू लागलं की परत दाबला जायचा. थांबलेला वेळ त्यांनी मोजलाच नाही.

संध्याकाळी मी त्यांना फाटकाशी गाठलं. त्या म्हणाल्या की नियमात लिहिलंय, मूल वाचत असताना वेळ मोजावा. माझ्याकडे बघणारं मूल वाचत नसतं, मग मी काय चुकले? मी इतर शाळांतही असंच मोजता का असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, तिथे कोणी मान वर करतच नाही.

आता सगळे माझं अभिनंदन करताहेत. शेजारच्या शाळेतली एक तुकडी एवढ्याशा फरकाने बंद झाली, त्यांच्या घड्याळावर कोणाचा अंगठा नव्हता. सांगितलं तर बाईंचं हे कामही जाईल. न सांगितलं तर मी रोज त्या वर्गात कोणत्या तोंडाने उभी राहू?

तुझी,
शंका


ता. ९ ऑक्टोबर

चि. शंकेस,

आशीर्वाद नंतर. आधी गप्प बस.

ज्यांनी त्या बाईला काढलं त्यांनीच तिच्या हातात घड्याळ दिलं. तिने ते माणसासारखं वापरलं. यात तुझा एक पैचा दोष नाही. तू कोणाला काही कर म्हणालीस का? नाही. मग कसली टोचणी? तुझ्या खरेपणापायी चाळीस पोरं चेंगरणार आणि एका बाईची भाकरी जाणार, आणि तुला मात्र शांत झोप लागणार. हा खरेपणा कोणाच्या कामाचा?

रागाने लिहिलंय, पण खोडणार नाही. तुझं चुकतंय असं मला वाटतं. तू माझं ऐकणार नाहीस असंही वाटतं.

आता आशीर्वाद घे.

तुझी आत्या


ता. २ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी ऐकणार नाही हे तुझं म्हणणं खरं ठरलं. पण अर्धं ऐकलं, तेवढं गोड मानून घे.

अंगठ्याचं मी कोणाला सांगितलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंकडे जाऊन एवढंच म्हणाले की परीक्षक मुलांच्या ओळखीचा नसावा असा नियम आहे, आणि या बाई ओळखीच्या होत्या, तर चाचणी पुन्हा घ्यावी. हे खरंच होतं. त्या म्हणाल्या की आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारी बाई मी पहिल्यांदा बघते. मग बराच वेळ पेनचं टोपण उघडत-मिटत बसल्या आणि फेरचाचणीच्या अर्जावर सही केली.

दुसऱ्या वेळी एक गृहस्थ आले. सज्जन होते, पण सबंध वेळ डोळे कागदावर. मुलं पूर्णविरामाला मान वर करायची आणि त्यांनी मान हलवायची वाट बघत बसायची. ते बिचारे शब्दांवर खुणा करत खाली बघत होते. डबा विचारून उघडणारी मुलगी तर मिनिट संपेपर्यंत वाट बघत राहिली. नंतर त्यांनी मला विचारलं की मुलं मधेच का थांबतात. मी तुझ्या मशीनपासून सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, आणि जो आकडा होता तोच त्यांनी लिहिला. त्याबद्दल मला त्यांचा राग आला नाही.

ब तुकडी बंद झाली.

संगीताच्या बाईंचं काम टिकलं, फक्त आमची शाळा त्यांच्याकडून काढली. त्या भेटायला आल्या होत्या. तुमचा प्रामाणिकपणा तुमच्या घरी ठेवा, माझ्या दारात आणून कशाला टाकलात, असं म्हणाल्या. तूही हेच म्हणाली होतीस. माझं चुकलं का याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. एका बाकावर चौघं बसलेली बघते तेव्हा चुकलं असंच वाटतं, आणि त्या शेजारच्या शाळेवरून जाते तेव्हा वाटत नाही. दिवसातून दोन्ही होतं.

महिनाअखेरीपर्यंत मला अ तुकडीच्या बाईंच्या मदतीला ठेवलं आहे. काल त्या वाचन घेत होत्या. सत्तर-बहात्तर मुलं, एक हात वहीवर सह्या करतोय, एक डोळा मागच्या गोंगाटावर. माझी ती डब्यावाली मुलगी वाचायला उभी राहिली. पहिलं वाक्य झालं, मान वर. बाईंना वाटलं अडली, त्यांनी पुढचा शब्द सांगितला. पुन्हा वाक्य, पुन्हा मान वर, पुन्हा शब्द. तिसऱ्यांदा मी न राहवून म्हणाले की ती अडलेली नाही. मग बघतेय कशाला, असं बाईंनी मलाच विचारलं. मला मशीन आठवलं, पालकसभा आठवली. तेवढ्यात त्यांनी तिलाच विचारलं.

ती म्हणाली, तुम्ही ऐकताय का ते बघतेय.

वर्गात कोणीतरी फिस्सकन हसलं. आता ही ओरडा खाणार म्हणून मी पुढे झाले. बाईंनी पेन खाली ठेवलं, सह्यांच्या वह्या बाजूला सरकवल्या आणि म्हणाल्या की नव्हते ऐकत, पहिल्यापासून वाच.

आता लोभ वाढवू नकोस, आहे तेवढाच पुरवून ठेव. पुढच्या महिन्यापासून मी तुझ्याकडेच येऊन राहणार आहे.

तुझी,
शंका