ईवारीचं उलटं गिरमिट

कोइवुलाहती,
ता. ४ मार्च १९७९

चि. ल्यूलीस,
व्हिल्यामीदादाचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व क्षेम असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहितो, पण क्षेम नाही. घाबरू नकोस. मी पडलो नाही, छतालाही आग लागली नाही. माझी घसरगाडी चोरीला गेली. गाडीवर होतं ते सगळं गेलं. बसायची पेटी, तिच्यातले गळ आणि दोऱ्या, हिवाळाभर ठोकून केलेले आमिषाचे पितळी खोटे मासे, आणि आपल्या ईवारीचं गिरमिट.

झालं असं. सकाळी गोठलेल्या तळ्यावर गिरमिटाने बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलो, दोन बरे पर्च मासे लागले, आणि एकदम मनात आलं की घरच्या चुलीच्या धुराड्याचं झाकण मी उघडं ठेवलं की बंद केलं? एकदा मनात आलं की मला बसवत नाही, तुला ठाऊक आहे. सगळं तिथेच टाकून घरी गेलो. आपल्याकडे कोण सामान उचलून नेतं? पेटी भोकाशेजारी दिसली की ती जागा त्याची, दुसरा माणूस तिथे दोरीसुद्धा सोडत नाही. बाकीची मंडळी त्या दिवशी बेटाच्या पलीकडे बसली होती. परत आलो तर भोक होतं आणि माझे दोन मासे होते. बाकी काही नाही. इंजिनाच्या बर्फगाडीचा माग पूर्वेच्या काठाकडे गेला होता, पुढे रहदारीच्या वाटेत मिसळून गेला.

पेटी दुसरी करता येईल. पण ईवारी गेला तेव्हा त्याची म्हणून माझ्याकडे ती एकच वस्तू राहिली होती. आपला भाऊ डावखुरा, म्हणून त्याने पातंही डावीकडे फिरणारं घडवलं, आणि इतकी वर्षं उजव्या हाताचा मी त्याच्यासारखा उलटा फिरवत आलो. आता बर्फावर जायचं कशाला, ते मला सांग.

गुडघा दुखतो आहे. तू मफलर गुंडाळल्याशिवाय बाहेर पडू नकोस. तुझी माया आहे तशीच राहो, एवढंच मागणं.
तुझा दादा
व्हिल्यामी

---

कुवोपिओ,
ता. ८ मार्च १९७९

ती. व्हिल्यामीदादास,
ल्यूलीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून पहिल्यांदा चोराला शिव्या दिल्या, मग तुला. दादा, झाकण व्यवस्थितच होतं ना? तू लिहिलं नाहीस, म्हणजे व्यवस्थितच होतं. आईच्या अंत्यविधीतूनसुद्धा तू झाकण बघायला उठला होतास, आणि पाद्रीबुवा वाट बघत थांबले होते.

गिरमिटाचं मात्र मलाही लागलं. ईवारी ते घडवत होता तेव्हा मी भाता ओढत होते. सगळे हसले होते की हा वेडा उलटं पातं करतोय, आणि तो म्हणाला होता की बर्फाला डावं-उजवं कळत नाही, तुम्हालाच कळतं.

पण आता मी गेली चार वर्षं सांगते तेच पुन्हा सांगते, आणि या वेळी ऐक. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. नळाला गरम पाणी येतं. धुराडं नाही, त्यामुळे झाकणही नाही. खिडकीतून कल्लावेसीचं तळं दिसतं, त्यावर बसलेली माणसं दिसतात. बघत बस की. एकटा माणूस तुझ्या वयात बर्फावर जातो, आणि वर चोर येतात. मला इथे झोप लागत नाही.

शनिवारी राय धान्याच्या पिठात मासे भरून मोठा पाव भाजला. अर्धा उरला. दोन माणसांचा पाव एकटीने खायचा कंटाळा येतो, एवढं लक्षात घे.

रागावू नकोस, रागावलास तरी पत्र पाठव.
तुझी
ल्यूली

---

कोइवुलाहती,
ता. १५ मार्च १९७९

चि. ल्यूलीस,
अ. उ. आ. वि. वि.

झाकण व्यवस्थितच होतं. आता तो विषय पुरे.

मी येतो. ईस्टर झाला की येतो. मांजर सायमीला देईन. दुकानवाली सायमी, आमच्या मासेमारी मंडळाची मुख्य, नवरा गेल्यापासून सगळ्या गावावर तीच ओरडते. तिला सांगितलं तर म्हणाली की मांजर घेते, पण तुला जाऊ देत नाही, दोन्हीपैकी मांजर कमी कटकट करतं.

लोक चांगले आहेत, नाही असं मी म्हणत नाही. आमच्या मंडळातला राइनो स्वतःचं नवं गिरमिट घेऊन दारात उभा राहिला. पोलादी आहे, लोण्यात सुरी जावी तसं जातं. मी बर्फावर नेलं, फिरवायला लागलो आणि हात आपोआप डावीकडे वळले. पातं नुसतं घसरत राहिलं. राइनोने तोंड फिरवलं ते मी पाहिलं. परत देऊन टाकलं.

सायमीने खोदून खोदून विचारलं, गिरमिट कसं होतं, मुठीला काय होतं, पेटी कोणत्या रंगाची. मी तिला हात जोडले की बाई, गाजावाजा करू नकोस. जुनं सामान, जुना माणूस, या वयात कोण कुणाच्या पेटीसाठी फिरणार? लोकांचे रविवार वाया जातील आणि मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तिने माझ्यासमोरच दुकानातला फोन उचलला आणि तळ्याभोवतालच्या एकेका मंडळाला लावत सुटली. पूर्वेच्या काठावरच्यांनासुद्धा! त्यांच्याशी आपलं स्पर्धांवरून किती वर्षांचं वाकडं, तुला माहीत आहे. मी शरमेने पिठाच्या पोत्यांमागे उभा राहिलो.

खोलीची खिडकी उत्तरेला आहे का? वारा येत असेल तर आधी कळव. फटींत काय कोंबायचं ते मी इथून आणीन.

कंटाळू नकोस माझा, एवढी कृपा असू दे.
व्हिल्यामी

---

कोइवुलाहती,
ता. २७ मार्च १९७९

चि. ल्यूलीस,
अ. उ. आ. वि. वि.

आधी गुडघ्याचं लिहिणार होतो, पण ते राहू दे. गिरमिट आलं.

रविवारी पूर्वेच्या काठावर स्पर्धा होती. आमचे पाच जण गेले, मी गेलो नाही. शिट्टी वाजेपर्यंत कुणी भोक पाडायचं नाही, हा नियम. शिट्टी झाली, सगळे एकदम वाकून फिरवायला लागले, आणि सायमीच्या शेजारी एक चष्मेवाला गृहस्थ घामाघूम. रेल्वेतला कारकून. बाकीच्यांना मासे लागू लागले तरी त्याचं गिरमिट बर्फावर नुसतं गोल गोल घसरत होतं. तो पुटपुटला की बाजारात फसवलं मला, पात्याला धारच नाही. सायमीने मूठ पाहिली आणि त्याला म्हणाली, साहेब, जरा डावीकडे फिरवून बघा. त्याने फिरवलं आणि भस्सकन पाणी वर आलं. बिचारा आनंदाने तिचे आभार मानायला लागला! सायमी म्हणाली, आभार नंतर माना, आधी हे कुणाकडून घेतलंत ते सांगा.

तो माणूस भला निघाला. ऐकून कानापर्यंत लाल झाला, गिरमिट तिथेच तिच्या हातात दिलं. विकणारा त्याच काठावरच्या वस्तीत, आईबरोबर राहणारा. घर दाखवायला कारकून स्वतः निघाला.

आता ऐक. राइनोच्या पिशवीत तोवर सगळ्यांत जास्त पर्च होते. त्याने दोरी गुंडाळली. पूर्वेकडच्या मंडळींनी विचारलं काय भानगड आहे, आणि कळल्यावर त्यांनीही गुंडाळल्या. वैरी आपले! स्पर्धा अर्ध्यावर टाकून उठले. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला म्हणे, की कोइवुलाहतीकरांना हरवायचं ते आम्ही, चोरांनी नव्हे.

त्या घरी जाऊन कुणी दार वाजवलं नाही. शिवीगाळ केली नाही. आपापल्या पेट्या अंगणात बर्फात मांडल्या आणि त्यांवर बसले. जसे भोकापाशी बसतात तसे, हात बाहीत, नजर खाली, तोंड बंद. थर्मासातून कॉफी ओतायची, प्यायची, पुन्हा गप्प. सायमी म्हणते की खिडकीचा पडदा हलायचा आणि पुन्हा थांबायचा, मासा आमिषाला हुंगून जातो तसा.

शेवटी त्याची आई बाहेर आली. अंगणात पाहुणे आणि आपण कॉफी विचारली नाही, हे तिला सोसवेना. किटली घेऊन आली. म्हणाली, इथे काय धरता आहात, खाली तर बटाट्याचं शेत आहे. सायमी म्हणाली की आमच्याकडच्या एका माणसाची पेटी धरतोय, मावशी, अजून लागली नाही. म्हातारीने किटली उचलली. मग सगळ्यांना कॉफी वाढली, आत गेली, आणि आतून तिचा जो आवाज आला तो राइनोला इथे सांगतानाही घाम फुटत होता. मुलगा गाडी घेऊन बाहेर आला. पेटी, गळ, पितळेचे मासे, सगळं. कारकुनाचे पैसेही आईने तिथेच परत करायला लावले. सायमीने गिरमिट गाडीवर ठेवलं आणि एकच सांगितलं, की हे आम्ही नेणार नाही. ज्याने आणलं त्याने पोचवायचं, आणि इंजिन न लावता.

म्हणून काल तो सगळं तळं ओलांडून, गाडी दोरीने ओढत माझ्या दाराशी आला. मला आधी कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी काळजी करत बसेन म्हणून! दारात परका माणूस, मागे माझी गाडी. आत ये म्हटलं, कॉफी ठेवली, आणि घाईत ती पाण्यासारखी झाली, याची मला अजून लाज वाटते. अंगणातली हकिकत मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकली, आपले पाच आणि पूर्वेचे सहा; बाकीची नंतर सायमीने आणि राइनोने सांगितली.

मी त्याला विचारलं की का नेलंस. तो खाली बघत बोलला. उर्मट नव्हता. म्हणाला, पेटी जुनी, गाडी जुनी. वाटलं कुणा म्हाताऱ्याची असेल, कोण येणार आहे शोधायला.

ल्यूली, गेले कित्येक दिवस मी तुला हेच तर लिहीत होतो. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला असा राग आला म्हणून सांगू. मी खुर्चीत ताठ बसलो आणि म्हणालो, अकरा जण आले होते. तुझ्याच अंगणात बसले होते. मोजले नसशील तर मी नावं सांगतो. आणि सांगितली. पूर्वेकडच्या सहा जणांची मला ठाऊक नव्हती, तर ती त्यालाच विचारली. त्याने एकेक करून सांगितली, आणि मी मागोमाग मोठ्याने म्हटली.

तेव्हा मी कुवोपिओला येत नाही. तुझी खोली चांगली आहे, खिडकीही चांगली असेल. पण ज्याच्यासाठी अकरा माणसं बर्फात बसली, त्याने खिडकीतून दुसऱ्यांचं बसणं बघावं, हे मला शोभत नाही. ईस्टरला तूच ये. उरलेला अर्धा पाव आण, खायला माणसं पुष्कळ आहेत. बर्फ तोवर टिकेल असं राइनो म्हणतो, मला खात्री नाही, मी रोज जाडी मोजतो आहे.

येशील तेव्हा ऊब घेऊन ये, जाशील तेव्हा थोडी ठेवून जा, हीच विनंती.
तुझा दादा
व्हिल्यामी