बेटावरचं कुत्रं

दादा, गेल्या महिन्यात मी सात दिवस एका मोटारीत राहून आले. एस.टी.पेक्षा थोडी लहान गाडी, तिच्यातच पलंग, शेगडी, मोरी, सगळं. माझी लेक, म्हणजे तुमची नात, आणि नातजावई स्कॉटलंडात असतात. त्यांनी ती भाड्यानं घेतली, बोटीवर चढवली आणि आम्ही एका बेटावर उतरलो. माणसं तीन, कुत्री दोन. डोंगर, समुद्र, गवतावर मेंढरं आणि दिवसभर भुरभुर पाऊस. लांबलांबून लोक ते बघायला येतात. मी खिडकीशी बसून बघायचे आणि मला तुमचा टँकर आठवायचा. त्या गाडीलाही पाण्याची टाकी होती, आणि नातजावई रोज सकाळी काटा बघून सांगायचा, "आई, आज पाणी जरा जपून." सहल खरं तर त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी होती. त्याची मूत्रपिंडं गेली होती, डॉक्टरांनी फार दिवस नाहीत म्हणून सांगितलं होतं. पिल्लू असताना तो याच वाळूवर पळायचा. आता पळत नव्हता, नुसता पाणी प्यायचा. वाडगं रिकामं झालं की लेकीकडं बघायचा आणि ती हातातलं काम टाकून भरायला उठायची. पाणी जपून वापरायचा नियम त्याला नव्हता.

लातूर नवा जिल्हा झाला आणि तुमची नांदेडहून बदली झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांवरचा रंग ओला, आणि आभाळात ढगाचा पत्ता नाही. साहेबांची जीप चालवायला आलेले तुम्ही, पण आल्या आल्या तुम्हाला पाण्याच्या टँकरवर पाठवलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. आई तांदूळ धुतलेलं पाणी आपल्या कुत्र्याला ठेवते आहे, ते लपालपा पितं आहे, आणि शेजारीण दारात उभी आहे, कडेवर तापलेलं लेकरू. "आमच्या लेकराला घोट न्हाई," ती म्हणते, "आन् टँकरवाल्याचं कुत्रं पिऊन राहिलं." तुम्ही आत जेवत होता. ताटावरून उठलात. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर कुत्रं नव्हतं. मी रडून आकांत केला तेव्हा तुम्ही जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. "गावागावात लोक घागरीवरनं भांडून राहिलेत. ते मला इचारतात, तुमच्या घरी किती उतरवता म्हणून. कोणत्या तोंडानं जाऊ मी तिथं?" मग आवाज खाली आणून म्हणालात, "टाकून न्हाई दिलं. तळ्यात बेट हाय, तिथं राखण करणारा म्हातारा हाय, त्याच्यापाशी ठेवलंय."

तळ्यात पाणीच उरलेलं नाही, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. मग बेट कुठलं? मी ठरवून टाकलं, तुम्ही खोटं बोलता. दोनेक आठवड्यांनी तुम्ही म्हणालात, "उद्या सुट्टी हाय माझी. चल, कुत्रं दाखवून आणतो." मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले, "मला न्हाई यायचं." तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. त्यानंतर आपण बोललो, माझं लग्न झालं, तुम्ही नातीला खांद्यावर घेऊन फिरलात, पण कुत्र्याचा शब्द आपल्यात निघाला नाही.

तुमच्या तेराव्याला तुमच्याबरोबरचे ड्रायव्हर काका आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पाणी आटलं तरी त्या टेकाडाला लोक बेटच म्हणायचे. तुम्ही रोज टँकर भरायला जाता-येताना तिथं थांबायचात, डब्यातली अर्धी भाकर त्याला घालायचात, ओंजळीनं पाणी पाजायचात. दोन महिने ते जगलं. मग बेटापाशी राहिलेलं डबकंही सुकलं, म्हातारा लेकीकडं निघून गेला, तुम्हाला दुसऱ्या गावांची खेप लागली, आणि पाच दिवसांनी परत गेलात तर ते मेलेलं. तुम्ही हातानं खड्डा खणून त्याला पुरलंत. टँकर गावात उशिरा पोचला, तुम्हाला मेमो मिळाला, आणि कारण तुम्ही लिहून दिलं नाहीत. "तुझ्यासाठी लई झुरला तुझा बाप," काका म्हणाले.

हे सगळं ऐकून दोन वर्षं झाली असतील, तेव्हा लहानगी लेक कुत्रं मागायला लागली. मला घरात नको होतं. मी तिला सांगितलं, माझंही एक होतं, आजोबांनी ते माळावर नेऊन सोडून दिलं, फार जीव लावू नये. सहज तोंडातून निघालं. ती दोन दिवस जेवली नाही. पुढं मोठी झाली, परदेशी गेली, आणि कुणी टाकून दिलेलीच कुत्री घरी आणत गेली.

शेवटच्या दिवशी पाऊस थांबला होता. तिनं म्हाताऱ्या कुत्र्याला उचलून वाळूवर नेलं. तो चार पावलं चालला आणि बसला. त्याला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "आजोबांनी केलं तसं मी याचं नाही करणार." नातजावयानं विचारलं, काय केलं होतं? तिनं त्याला सगळं सांगितलं. माळ, ऊन, पाण्यावाचून मेलेलं कुत्रं. मी सांगितलं होतं त्याहून थोडं जास्तच भयंकर झालं होतं ते. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हो ना, आई?"

मी "हो" म्हणाले.

खरं काय ते सांगायला गेले असते तर तुम्ही बोलावलं होतंत आणि मी आले नाही, हेही सांगावं लागलं असतं. परतल्यावर चौथ्या दिवशी डॉक्टरांनी त्या कुत्र्याला शेवटची सुई दिली. लेक माझ्या गळ्यात पडून रडली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तेव्हाही खरं सांगितलं नाही. दादा, हे पत्र तुम्हाला लिहून काय उपयोग? ते तिला जायला हवं. तिचा पत्ता माझ्याजवळ आहे. पण मी पाठवणार नाही.